थुंकी तपासण्याआधी लिव्होफ्लॉक्सासिन नको

महोदय,

कराडात सव्वीस वर्षे माझे औषधाचे दुकान आहे. थंडी पडली की काउंटरवर एकच मागणी: ‘खोकला हटेना, जरा स्ट्राँग काहीतरी द्या.’ अझिथ्रो या अँटिबायोटिकचे तीन गोळ्यांचे पाकीट मीही अशा वेळी दिले आहे. गिऱ्हाईक आठवड्याने ‘गुण आला’ म्हणते, आपल्यालाही बरे वाटते. खरे तर धडधाकट माणसाचा असा खोकला बहुतेकदा विषाणूंचा असतो. दोन-तीन आठवडे रेंगाळतो आणि आपला आपण जातो. बेडका हिरवा पडला म्हणजे अँटिबायोटिक हवेच, असेही नाही.

पण लिहायचे आहे ते गेल्या हंगामातल्या एका ऊसतोड मुकादमाबद्दल. टोळी घेऊन बीडकडून आलेला, उसाच्या फडाजवळ झोपडीवजा कोपीत राहणारा, चाळिशीचा. ताप, खोकला. चिटोऱ्यावर कुणीतरी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून दिलेले. ना तारीख, ना सही. मी पाच गोळ्या दिल्या. ताप उतरला. पंधरा दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा दिल्या. तिसऱ्यांदा आला तेव्हा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. मग सरकारी दवाखान्यात पाठवले. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले.

हे औषध न्यूमोनियाच्या जंतूंवर चालते, तसे क्षयाच्याही. त्यामुळे ताप काही दिवस दबतो, कधी थुंकीतही जंतू सापडत नाहीत, आणि निदान लांबते. तोवर कोपीतली पोरे त्याच हवेत झोपतात.

२०१४ पासून लिव्होफ्लॉक्सासिन ‘शेड्यूल एच-१’मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत आहे. डॉक्टर, रुग्ण, औषध, संख्या हे सारे वेगळ्या वहीत लिहायचे आणि वही तीन वर्षे जपायची. माझ्याकडे वही आहे. तिच्यात त्या मुकादमाचे नाव नाही.

डॉक्टरांना विनंती, की दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला चिठ्ठीवर आधी थुंकी आणि छातीचा एक्स-रे लिहा. सरकारी दवाखान्यात थुंकी फुकट तपासतात. (दम लागत असेल, म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागले असेल, तर त्याच दिवशी दवाखाना, मेडिकलची पायरी चढूच नये.) आणि अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी परवान्याची चौकट पाहून जाण्याऐवजी ही वही खरेदीच्या बिलांशी ताडावी. सुरुवात माझ्यापासून केली तरी चालेल. हल्ली मी चिठ्ठीशिवाय नाही म्हणतो, तर गिऱ्हाईक चौकात जाते आणि पाच मिनिटांत तीच स्ट्रिप हातात घेऊन माझ्याच दारावरून परत जाते.

— एक औषधविक्रेता, कराड