ऑफर लेटर आलं, आता सही करण्याआधी

मुलुंड, मुंबई

चि. सईस अनेक आशीर्वाद,

शिकायला मिळावं, आठवड्यातले दोन दिवस घरून काम असावं, रात्री साहेबाचा फोन येऊ नये, या तुझ्या तिन्ही अपेक्षा रास्त आहेत. पण मुलाखतीतल्या ‘आमच्याकडे सगळं फ्लेक्सिबल आहे’ या वाक्यावर जाऊ नकोस. घरून काम नेमणूकपत्रात लिहिलेलं नसेल, तर नवा मॅनेजर एका मेलने ते बंद करतो.

आधी पगार. सहा लाखांचं सीटीसी (कंपनी तुझ्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) म्हणजे महिन्याला पन्नास हजार हातात, असं नसतं. बेसिक, म्हणजे मूळ पगार, 25,000 धर. बेसिकच्या 12 टक्के कंपनीचा पीएफ 3,000, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या 4.81 टक्क्यांनी सुमारे 1,200 आणि सीटीसीच्या दहा टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) असेल तर 5,000, हे सगळं त्या पन्नासातच मोजलेलं असतं. उरले 40,800. त्यातून तुझा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300) वजा केला की खात्यात 37,600 च्या आसपास पडतात. पीएफ तुझाच राहतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, म्हणजे लवकर सोडलीस तर तो आकडा कागदावरच. व्हेरिएबल मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं, हे तिथे काम करणाऱ्या कुणाला तरी विचार. एचआर ‘कमाल’ आकडा सांगतं.

मग नोटीस पीरियड. तू सोडलीस तर 90 दिवस आणि त्यांनी काढलं तर 30, असं बऱ्याच पत्रांत सापडतं. पुढची कंपनी तीन महिने थांबत नाही, तिथेच मुलं अडकतात. नोटीस विकत घेता येते का, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि ती रक्कम बेसिकवर मोजतात की ग्रॉसवर (भत्त्यांसकट पगारावर), हे मेलवर लिहून घे. ट्रेनिंगचा बॉण्ड (मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायची अट) असेल तर रक्कम आणि मुदत बघ. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नकोस, झेरॉक्स पुरते.

शिकण्याबद्दल गोल उत्तर मिळेल. म्हणून थेट विचार: पहिल्या सहा महिन्यांत माझ्या हातात कोणतं काम असेल, ते तपासणार कोण, या जागेवर आधी कोण होतं आणि का सोडलं? शेवटच्या प्रश्नावर चुळबुळ झाली तर समजून जा. (रात्रीच्या फोनचा अंदाजही त्यातच येतो.)

सीप्झच्या ऑफिसचा प्रवास रविवारी मोजू नकोस. कामाच्या दिवशी सकाळी मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि पुढे मेट्रो 3 ने सीप्झ, असं एकदा जाऊन बघ. घाटकोपरच्या जिन्यावरची आणि मेट्रोच्या तपासणीच्या रांगेतली मिनिटंही धर. संध्याकाळी सातची परतीची वेळही बघ, कारण ऑफिस सहाला सुटतं असं फक्त पत्रात असतं.

पत्राची सगळी पानं, परिशिष्टासकट, मला पाठव. पगाराचा तक्ता बहुधा शेवटच्या पानावर असतो.

तुझा,
बाबा