सुमे, माईला फोन कर

प्रिय सुमे,

मी बरी आहे. गुडघा आहे तिथेच आहे, दुखतोय तसाच दुखतोय. ते राहू दे. माईचं लिहायचंय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर माझीच समजूत काढत बसतील. तू माईला ओळखतेस.

तिने केसांना मेंदी लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाळावर केसांच्या कडेने लाल पट्टा उठला, कानामागे पाणी धरलेले बारीक फोड आले आणि सकाळी डोळेच उघडेनात, इतक्या पापण्या सुजलेल्या. एका परीने बरंच झालं, नाहीतर दोष आरशाला दिला असता. त्वचेच्या डॉक्टरांनी पाकीट मागवलं. पुढे हिरवं पान, ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’ वगैरे. मागे भिंग घेऊन वाचावं अशा अक्षरांत पॅरा-फेनिलीनडायअमीन. पीपीडी ग, काळ्या डायमध्ये असतं तेच.

आता ऐक, माई काय म्हणते ते. “मेंदीने कुणाला काही होतं का? खाण्यात काहीतरी आलं असेल.” वर आणखी, “इतकी वर्षं लावतेय, तेव्हा नाही झालं ते!” इथेच माझं डोकं फिरतं. डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं की याचं असंच असतं. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एक दिवस शरीर बिथरतं. एकदा बिथरलं की ते जन्मभराचं. पुढच्या वेळी त्रास लवकर होतो आणि बहुतेक वेळा जास्तच होतो. गोळ्या-मलमाने सूज उतरतेय, पण पाकीट अर्धं शिल्लक आहे आणि “वाया कशाला घालवायचं” म्हणून ते कपाटात आहे. सुमे, मला रात्री त्या कपाटाची भीती वाटते.

रंगावरूनही समजावून पाहिलं. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरतं आणि रंग येतो तो तांबूस, केशरी. पांढऱ्या केसांवर तर गाजरच. (तुझी ती पुढची बट आठव. मी हसले म्हणून अबोला धरला होतास. अजून हसू येतं, काय करू!) काळा रंग नुसत्या मेंदीतून येत नाही. वरून निळीच्या पानांची पूड लावली तर येतो, पण ते काम तासांचं. अर्ध्या तासात केस कुळकुळीत झाले की शंका घ्यायचीच. यावर माई म्हणाली, “शिकवणी संपली असेल तर जाऊ का?”

तू नेहमी म्हणायचीस, पांढरे झाले तर झाले, रंगवायचे कशाला. मी तुला आळशी म्हणायचे आणि आजही म्हणते. रंगवावेत की! साधी पूड घ्यावी, मागचं वाचावं, चिमूटभर भिजवून कानामागे लावून दोन दिवस थांबावं. माईला मात्र असले प्रयोग घरी बंद. तिची पॅच टेस्ट डॉक्टरच करतील. त्वचा बधिर करायच्या काही मलमांचाही तिला त्रास होऊ शकतो म्हणाले, म्हणजे पुढे कुठेही गेली तरी ही अ‍ॅलर्जी आधी सांगायची. ती सांगणार? ती तर ‘झालंच नव्हतं’ म्हणेल.

तुझ्या बदलीचं कळलं. अभिनंदन करायचं की सांत्वन, ते कळव. आणि हो, तुझ्या भाच्याच्या बाळाला जी-सिक्स-पीडी, ते तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम, कमी आहे म्हणालीस ना? त्याच्या हातापायांना कुणी हौसेने मेंदी लावायला निघालं तर सरळ अडव. त्या मुलांना शुद्ध मेंदीसुद्धा चालत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. माईचं पाकीट वाईट म्हणून मी साध्या मेंदीला सरसकट निर्धोक म्हणणार नाही.

माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. का, ते देव जाणे. फोन कर आणि जाऊन ये. ‘फेकलंस का’ असं विचारू नकोस, नाही म्हणायला तिला तेवढं पुरतं. ‘तू कुठली वापरतेस, बघू’ म्हणून मागून घे आणि पर्समध्ये टाक. माझं नाव काढलंस तर मेलीस.

तुझीच,
विजू