मोटरहोमच्या अपघाताबद्दल देवगडला पत्र

श्टुटगार्ट, जर्मनी

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी महत्त्वाचं. आम्हा चौघांपैकी कुणालाही साधं खरचटलंही नाही. लागलं ते भाड्याच्या मोटरहोमला. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, एका बंदराजवळ आम्ही गाडी उभी केली होती. मासळीचा छोटा ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला अंदाज आला नाही आणि तो आमच्या गाडीच्या डाव्या अंगावर आला. सवयीने मी आधी गॅसचा सिलिंडर बंद केला, मग पिवळी जाकिटं घालून सगळे खाली उतरलो.

"अनोळखी माणसाच्या कागदार सही कित्याक केलंस गो?" हे आईने फोनवर विचारलं. तिची काळजी रास्त आहे. आपल्याकडे रस्त्यावर गर्दी जमते, आवाज चढतात, आणि तेव्हा कुणी कागद पुढे केला तर हात मागे घेणंच बरं. इथे मात्र तो कागद भरल्याशिवाय जागा सोडणं धोक्याचं. युरोपात बहुतेक ठिकाणी अपघाताचा एकच ठरलेला फॉर्म चालतो. भाषा कुठलीही असो, चौकटींचे क्रमांक तेच. त्यामुळे त्यांचा फ्रेंच फॉर्म मला आमच्या जर्मन फॉर्मशेजारी ठेवून ओळीने वाचता आला. बाराव्या चौकटीत 17 प्रसंग छापलेले असतात. आमच्या बाजूला पहिल्यावर खूण, म्हणजे गाडी थांबलेली. त्यांच्या बाजूला चौदाव्यावर, म्हणजे गाडी मागे घेत होते. शेवटी दोघांनी आपापल्या खुणा किती ते आकड्यात लिहायचं, म्हणजे नंतर कुणाला एखादी वाढवता येत नाही. पहिला धक्का कुठे बसला तिथे बाण, खाली रस्त्याचं चित्र. ट्रकवाल्या काकांनीच बॉनेटवर कागद ठेवून ते काढलं, फार सज्जन माणूस. आई, त्या सहीने चूक कबूल केली असं होत नाही. घडलं ते असं घडलं, एवढंच दोघं मान्य करतात. एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे. कुणाला लागलं असतं तर 112 फिरवून पोलीस आणि रुग्णवाहिका बोलावली असती.

वरून पाहिलं तर नुकसान हातभर. पण या गाड्यांची भिंत म्हणजे बाहेर पातळ पत्रा, मध्ये फोम, आत प्लायसारखा थर. सांधा उघडला की पाणी आत झिरपतं आणि लाकूड आतून कुजतं, बाहेर काही दिसत नाही. म्हणून कारागीर ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावून पाहतात, आणि कधी कधी अख्खी बाजू बदलावी लागते. खर्च फुगतो तो त्यामुळे.

आता पैशाचं. करारानुसार 1500 युरोपर्यंतचं नुकसान आमच्या माथी, आणि तेवढीच अनामत भाड्याच्या कंपनीकडे. चूक समोरच्याची असूनही कंपनीने ती रोखली आहे, "तिकडून पैसे आले की देऊ" म्हणतात. मला हे मुळीच पटलेलं नाही. नियमाप्रमाणे फ्रेंच विमा कंपनीचा प्रतिनिधी जर्मनीतही असतोच. गाडीच्या मालकाला, म्हणजे भाड्याच्या कंपनीला, त्याच्याकडे जर्मनमध्ये दावा करता येतो आणि तीन महिन्यांत कारणांसह उत्तर मिळायला हवं. पण दावा मालकाने करायचा, मी नाही. म्हणून मी त्यांच्याकडे लेखी मागितलंय की दावा कुठल्या तारखेला केला आणि त्याचा क्रमांक काय. फोनवर गोड बोलणं पुरे झालं.

बाबा, तुम्ही म्हणालात, "विमो आसान पैसे अडकले, मग उपयोग काय?" आपल्या आंब्याच्या कलमांच्या विम्यात तुम्ही हेच सोसलंय. मोहोर आपल्या बागेतला गळतो, पण भरपाई ठरते महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर. आपण कितीही सांगितलं तरी यंत्रात नोंद नाही तर पैसे नाहीत. तिथे ती नोंद आपल्या हातात नसते, याची चीड मला कित्येक वर्षांपासून आहे. इथे निदान ती माझ्या हातात होती, म्हणून प्रत्येक ओळ नीट वाचूनच मी सही केली.

दादा आणि वहिनी पुढच्या वर्षी येणार, आणि दादाला मोटरहोम चालवायचीच आहे. खुशाल चालव म्हणावं. निघण्याआधी ओरोसला आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घे, तो एक वर्षच चालतो, म्हणून फार आधी काढू नको. गाडी ताब्यात घेताना छपरासकट चारी बाजूंचे फोटो काढायचे. आणि करारात छप्पर व खालचा भाग विम्यात आहे का, ते भाडं ठरवण्याआधी मला वाचून दाखव. झाडाच्या फांद्या आणि कमी उंचीचे पूल, या गाड्यांना तेच नडतं.

त्या ट्रकवाल्या काकांनी निघताना मुलांना बोटीवर चढवून जाळी दाखवली. धाकटी तेव्हापासून आजोबांच्या होडीबद्दल विचारते आहे. तिच्यासाठी होडीचा एक फोटो दादाला काढून पाठवायला सांगा.

तुमची,
बाय