मुलांच्या मनाचा दवाखाना संध्याकाळीही हवा

महोदय,

भांडुपमधील एका शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी नववीतली एक मुलगी डबा न उघडताच घरी नेऊ लागली आणि तिच्या मनगटावर व्रण असल्याचे तिच्या मैत्रिणीने मला हळूच सांगितले. तिच्या आईला सोबत घेऊन आम्ही एका मोठ्या रुग्णालयात गेलो. वय चौदा म्हणून बालरोग विभागाने मानसोपचार विभागाकडे पाठवले आणि तिथे ती दारू सोडवण्यासाठी आलेल्या पुरुषांच्या रांगेत दोन तास बसून राहिली. डॉक्टर चांगले भेटले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. परंतु दर आठवड्याला सकाळीच यायचे म्हटल्यावर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईचे खाडे वाढणार आणि मुलीची शाळा बुडणार, हे उघड होते. तिसऱ्या खेपेनंतर त्या गेल्याच नाहीत. का आल्या नाहीत, हे कोणी विचारले नाही. मलाही ते फार उशिरा कळले.

देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली याच शहरात सुरू झाले, त्यामुळे हा विषय मुंबईला नवा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार दाखल केलेल्या अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते. ओपीडीच्या रांगेतही तोच विचार व्हायला हवा.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. हे स्वागतार्हच आहे, मात्र निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सगळी कामे ज्यांच्या गळ्यात पडतात, त्या शिक्षकांपैकीच कोणाला तरी दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन ‘समुपदेशक’ ठरवले जाईल, अशी धास्ती वाटते. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ या सरकारी हेल्पलाइनची १४४१६ ही विनामूल्य सेवा रात्रंदिवस उपलब्ध आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असतील, तर मुलीने फोनवर बोलायचे कुठे?

महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ वस्त्यांजवळ आहेत आणि संध्याकाळीही उघडे असतात. प्रत्येक प्रभागातील निदान दोन दवाखान्यांत आठवड्यातून दोन संध्याकाळी अठरा वर्षांखालील मुलांसाठी समुपदेशक बसावा आणि महिन्यातून एकदा महापालिकेच्या रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञ तिथे यावेत, म्हणजे औषधांसाठीही मोठ्या रुग्णालयाच्या खेपा कमी होतील. त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही; बंद दाराची एक खोली आणि मराठी-हिंदी बोलणारा माणूस पुरे.

शिवाय क्षयरोगाचा रुग्ण औषध चुकवू लागला की आरोग्य कर्मचारी घरी जाऊन चौकशी करतात, तशीच विचारपूस उपचार अर्धवट सोडणाऱ्या मुलांचीही व्हावी. फक्त ती चाळीच्या गॅलरीत उभे राहून, शेजाऱ्यांच्या कानावर जाईल अशी होऊ नये. आधी पालकांना फोन करावा आणि ते म्हणतील तिथे भेटावे.

– एक निवृत्त शिक्षिका, भांडुप, मुंबई