उद्योगमंत्र्यांना खुले पत्र : तीन दिवसांचा स्टॉल आणि पंचेचाळीस दिवसांचा कायदा

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. औद्योगिक प्रदर्शनांत कंपन्यांचे स्टॉल डिझाइन करून उभारून देणे हा माझा व्यवसाय आहे. वसईजवळ कामणला माझे छोटे वर्कशॉप असून त्याची उद्यम नोंदणीही (लहान उद्योग म्हणून सरकारदरबारची नोंद) आहे. एका थकलेल्या बिलासाठी मी लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागितली होती. गेल्या आठवड्यात तो अर्ज परत आला. स्टॉल उभारणे हे ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ (साहित्यासह बांधकाम करून देण्याचा ठेका) असल्यामुळे ते परिषदेच्या कक्षेत येत नाही, असे कारण त्यावर लिहिले आहे.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा वर्क्स कॉन्ट्रॅक्टला लागू होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत म्हटले आहे, हे मी जाणतो. परंतु ज्या जीएसटी कायद्याखाली माझ्याकडून कर वसूल केला जातो, त्याच्या कलम २(११९) नुसार वर्क्स कॉन्ट्रॅक्ट हे स्थावर मालमत्तेचेच असावे लागते. आमचा स्टॉल किती स्थावर असतो, हे परिषदेतील कोणीतरी प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी गोरेगावच्या हॉलमध्ये येऊन पाहावे. प्रदर्शन संपताच कार्पेट गुंडाळले जाते, प्लाय, एमडीएफ आणि काचा टेम्पोत चढतात आणि रात्रीतून हॉल रिकामा करून द्यावा लागतो. उशीर झाला तर आयोजक अनामत कापून घेतो. या स्थावर मालमत्तेचा सातबारा निघत असेल तर तो मला अवश्य द्यावा, म्हणजे निदान तो तारण ठेवून कर्ज तरी काढता येईल.

ग्राहक मोठी कंपनी आहे. तिचे नाव घेत नाही. काम २० लाखांचे, आगाऊ मिळाले ५ लाख. मंजूर झालेले थ्रीडी डिझाइन शेवटपर्यंत बदलत राहिले. उद्घाटनाच्या आदल्या रात्री त्यांच्या मार्केटिंगच्या साहेबांना फॅसियावरील (स्टॉलच्या दर्शनी पट्टीवरील) लोगोचा निळा रंग पसंत पडेना, म्हणून रात्री दोन वाजता पेंटरने पुन्हा ड्युको (फवारून द्यायचा चकचकीत रंग) मारला आणि ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून दोन पोरे रंग सुकेपर्यंत पुठ्ठे धरून उभी राहिली. सकाळी त्याच फॅसियाखाली सर्वांचे फोटो निघाले. काही महिन्यांनी मात्र अकाउंट्स विभागाला त्या रंगात धुळीचे कण दिसले आणि तेवढ्यावरून बिल अडले. माल किंवा सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती स्वीकारली असे मानावे, हे त्या २००६ च्या कायद्यातच लिहिले आहे. लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, परिषदेने ९० दिवसांत निर्णय द्यावा, हेही त्यातच आहे. वाचताना ऊर भरून यावा इतका हा कायदा चांगला आहे.

सरकारचा वाटा मात्र थांबत नाही. उरलेला पैसा हाती आलेला नसताना १८ टक्क्यांप्रमाणे ३ लाख ६० हजारांचा जीएसटी, खरेदीवरचे क्रेडिट वजा करून, मी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरला. उशीर झाला असता तर मलाही १८ टक्के व्याज लागले असते, आणि त्यासाठी कोणत्याही परिषदेची गरज पडली नसती. सुतारांचा रोज आणि रात्रीचा डबल रोज मी रोख दिला. प्लायवाल्याची उधारी फेडण्यात मुलाच्या इंजिनिअरिंगची फी गेली, आणि घरात त्याविषयी आता कोणी बोलत नाही.

१ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याचे कलम ४३ब(ह) आले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळणार नाही, या तरतुदीने आम्हांला आनंद झाला होता. त्यावर ग्राहकांनी उपाय शोधला : बिलावर उद्यम क्रमांक टाकू नका, असे आता तोंडी सांगितले जाते. देशभरात लहान उद्योगांचे अडकलेले पैसे कोणी आठ लाख कोटी सांगतो, कोणी दहा. आपण सोयीचा आकडा घ्यावा. दिल्लीत २०२३ मध्ये प्रदर्शनांसाठी सुमारे २,७०० कोटींचा भारत मंडपम आणि ५,४०० कोटींची यशोभूमी उभी राहिली. दालनांना पैसा आहे, दालनांच्या आत रात्रभर रंधा मारणाऱ्यांसाठी मात्र तक्रार नोंदवायचे पोर्टल आहे. सरकारी खात्यांचे स्टॉल उभारणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना त्यांच्या बिलांविषयी आपण एकदा विचारावे, म्हणजे खासगी कंपन्या हे कोणाकडून शिकल्या तेही कळेल.

मागणे दोनच आहेत. प्रदर्शनातील तात्पुरता स्टॉल हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट नव्हे, असे स्पष्ट करणारे परिपत्रक आपल्या खात्याने काढावे आणि ९० दिवसांची मुदत परिषदांनी पाळावी.

त्याच कंपनीकडून पुढच्या प्रदर्शनासाठी मला पुन्हा दरपत्रक मागवण्यात आले आहे. सोबतच्या छापील अटींमध्ये पेमेंटची मुदत ९० दिवसांची आहे. ती २००६ च्या कायद्यातील कलम १५ च्या विरुद्ध आहे हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. आपल्या खात्यालाही ठाऊक असल्यास कृपया लेखी कळवावे, म्हणजे दरपत्रकासोबत जोडता येईल.

आपला,
कामण येथील एक स्टॉल फॅब्रिकेटर