तो नकार नव्हता

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कॅन्सरच्या तपासणीवर लेख आला होता, लेख चांगलाच होता पण त्यात अमेरिकेतले चिनी लोक अंधश्रद्धेमुळे तपासण्या टाळतात असं एक वाक्य होतं, ते वाचून वाईट वाटलं. मी मूळची मिरजेची, गेली 11 वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत एका दवाखान्यात रक्ताचे नमुने घेते, निम्म्याहून जास्त पेशंट चायनाटाउनमधले, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी साठीच्या एक आजी आल्या, सोबत 10 वर्षांची नात. आजींना फक्त तोइसान, म्हणजे दक्षिण चीनमधली एक बोली, येते आणि फोनवर मिळाला तो दुभाषी मँडरिनवाला, म्हणजे मालवणच्या आजीपुढे भोजपुरी बोलणारा बसवावा तसं. मग डॉक्टरांनी नातीलाच विचारायला लावलं, आजीची पाळी कधी बंद झाली, पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी, कधी केलीय का. पोरगी लाजेनं लाल झाली, खाली बघत दोन शब्द पुटपुटली, आजींनी मान हलवली आणि कॉम्प्युटरमध्ये पडलं ‘पेशंटचा नकार’. अहो, तो नकार कसला? त्या पोरीला चिनीत तो शब्द माहीतच नसणार आणि असता तरी आजीला कुठल्या तोंडानं विचारणार! जिवावरचा प्रसंग सोडला तर लहान मुलांकडून असं काम करून घ्यायला इथे कायद्यानं मनाई आहे, पण गर्दीच्या दिवशी कोण बघतंय.

समजुती आहेत, नाही म्हणत नाही. चिनीत चारचा उच्चार मरणाच्या शब्दासारखा होतो म्हणून मी चार ट्यूबा एकदम मांडत नाही, एकेक काढते. नवीन वर्षाच्या दिवसांत आजारपणाचा विषय काढायचा नाही. आणि काही दुखत नसताना डॉक्टरकडे जायचं म्हणजे नसतं शुक्लकाष्ठ मागे लावून घेणं, हे तर माझी आई मिरजेत बसून पण म्हणते, तिला आपण अंधश्रद्धाळू म्हणतो का?

पण बऱ्याच भीतीला कारण असतं. हेपटायटिस बी घ्या. त्यातून लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो, अमेरिकेत हा आजार कायमचा जडलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक आशियाई आहेत, त्यातल्या अनेकांना तो जन्मतानाच आईकडून आलेला. साधी रक्ताची टेस्ट, तरी हात पुढे करत नाहीत. का, तर चीनमध्ये 2010 साली सरकारनं बंदी घालेपर्यंत नोकरीच्या मेडिकलला ही टेस्ट सर्रास व्हायची आणि पॉझिटिव्ह आलं की कित्येकांची नोकरी हुकायची. ज्यानं ते भोगलंय तो इथे सुई बघून मागे सरकणारच.

आणि हे शहर तरी कुठे धुतल्या तांदळासारखं आहे. 1900 साली प्लेगचा संशय आला तेव्हा चायनाटाउनला दोर बांधून नाकेबंदी केली, गोऱ्यांना बाहेर सोडलं, चिनी लोकांना आत कोंडलं, पुढे लस टोचल्याशिवाय शहराबाहेर जाऊ देईनात, शेवटी कोर्टानं ते थांबवलं. ती लस हाफकिनची, आपल्या मुंबईत तयार झालेली! 1897 च्या प्लेगात रँडच्या माणसांनी पुण्यात घरात घुसून काय केलं ते आपण अजून विसरलो नाही, मग यांनी का विसरावं?

आजींसाठी पुढच्या खेपेला मी तोइसान बोलणारी बाई आधीच बुक करून ठेवली. पॅप स्मिअरचं नंतर बघू म्हटलं, आधी आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी शौचाच्या सँपलचं किट, ते घरीच करायचं असतं. आजींनी पहिला प्रश्न विचारला तो किटबद्दल नव्हताच, रिपोर्ट माझ्या मुलाला कळेल का, असं विचारलं. त्यांच्यात पुष्कळदा घरचे पेशंटपासून कॅन्सर लपवतात, इथे आजीच मुलापासून लपवणार होत्या, त्याचं कामात लक्ष लागणार नाही म्हणून. तुम्ही सांगितल्याशिवाय नाही कळणार, असं त्या बाईनं दोनदा सांगितलं तेव्हा कुठे किट पिशवीत गेलं. आठव्या दिवशी सँपल लॅबला पोचलं आणि पॅप स्मिअरची तारीख आजींनी स्वतःहून मागितली, फक्त लेडी डॉक्टर पाहिजे म्हणाल्या.

– तुमची एक वाचक, सॅन फ्रान्सिस्को