गच्चीवरून सरबत: आमच्या लॅबमधल्या मामांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मामा,

सा. न. वि. वि.

विज्ञान दिनाचं आभारप्रदर्शन चाललं होतं तेव्हा तुम्ही गच्चीवर पाईप गुंडाळत होतात. सभागृहातला माइक तिथवर ऐकू जात नाही, त्यामुळे तुमच्यासाठी पडलेल्या टाळ्या तुमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. तसंही कागदावर 'प्रयोगशाळा परिचरांचे मोलाचे सहकार्य लाभले' एवढंच होतं, आणि त्या वाक्यात फार तर टेबलं हलवणं बसतं. तुम्ही जे केलंत ते त्यात बसत नाही. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. नाव छापू नका म्हणालात, म्हणून इथेही तुम्ही नुसते मामाच.

जे त्या दिवशी कॉलेजात नव्हते त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. २८ फेब्रुवारीला, म्हणजे १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला त्या तारखेला, आमच्याकडे दरवर्षी पोस्टरं लागतात, कोणीतरी खायच्या सोड्याचा ज्वालामुखी करतो आणि पाहुणे फीत कापून चहा घेऊन जातात. यंदा टीवायच्या, म्हणजे बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाच्या, आम्हा मंडळींना काहीतरी मोठं, उघड्यावर आणि जरा वात्रट करायचं होतं. नोटीस बोर्डावर आम्ही लावलं: 'गच्चीवर उभं राहा, खाली अंगणात ठेवलेल्या बादलीतलं कोकम सरबत स्ट्रॉने पिऊन दाखवा. पिणाऱ्याला कँटीनमध्ये वर्षभर वडापाव फुकट.' कँटीनवाले काका दोन दिवस आमच्याशी नीट बोलत नव्हते. त्यांना कितीही समजावलं की कोणीही पिऊ शकणार नाही, निसर्गाचाच नियम आहे, तरी त्यांचं एकच म्हणणं, जिमखान्याची पोरं तुम्हाला माहीत नाहीत.

तुमच्याकडे आम्ही खरं तर फक्त गच्चीची किल्ली मागायला आलो होतो. तुम्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावत होतात. काय करायचंय ते ऐकून घेतलंत आणि मान वर न करता म्हणालात, "व्हायचं न्हाई ते. आमच्याकडं विहिरीचं पाणी वीस-बावीस फुटांच्या खाली गेलं की मोटार नुसती घोंगावती. पाईप वाढवून उपेग न्हाई, मोटारच खाली घ्यावी लागती." आमच्यातल्या एकाने विचारलं, मोठा पाईप लावला तर? तुम्ही म्हणालात, "चार इंची लाव न्हाईतर दोन इंची, तेवढंच."

मामा, हे तुम्ही बोललात आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथात जवळजवळ हाच संवाद आहे. त्यातलं एक पात्र सांगतं की त्याच्या हौदावरचा पंप पाणी देईना, म्हणून दुरुस्तीला माणूस बोलावला. तो म्हणाला, पंपात काही बिघाड नाही, पाणी खाली गेलंय. पंप लहान असो की मोठा, अठरा हातांच्या वर केसभरही पाणी ओढून चढवता येत नाही. गंमत म्हणजे त्या कारागिराचं म्हणणं बरोबर होतं आणि गॅलिलिओने त्याला दिलेलं कारण चुकीचं. त्याला वाटलं, फार लांब झालेला दोर जसा स्वतःच्याच वजनाने तुटतो तसा पाण्याचा स्तंभ तुटत असणार. खरं कारण सांगितलं ते त्याच्या शिष्याने, टॉरिचेल्लीने, १६४४ मध्ये. पंप पाणी ओढतच नाही. तो पाईपमधली हवा कमी करतो इतकंच, आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा जो दाब असतो तो पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर पाणी तोलून धरतो. त्यापुढे कितीही ताकदीचा पंप वर बसवा, ढकलणाराच दमलेला असतो. तुमच्या विहिरीवर वीस-बावीस फुटांतच का अडतं, तर घर्षण, फुटवाल (पाईपच्या तळाची झडप), सांध्यातून शिरणारी हवा असं बरंच काही त्यातून वजा होतं. बोअरमधला सबमर्सिबल शेकडो फुटांवरून पाणी देतो, कारण तो तळाशी बसून वर ढकलतो. हे आम्ही परीक्षेत लिहिलंय. पण गावाकडे मोटार खाली का उतरवतात, याचा विचार आमच्यापैकी कोणीच कधी केला नव्हता.

त्या पंप दुरुस्त करणाऱ्याचं नाव ग्रंथात नाही. मला ते खटकतं.

असो. किल्ली तुम्ही दिलीत, पण त्याआधी आमचा पाईप बघायला मागितलात. आम्ही गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाईप आणला होता, स्वस्तातला. तुम्ही त्याचं एक टोक अंगठ्याने दाबलंत, दुसरं तोंडात धरून हवा ओढलीत. पाईप मधोमध चपटा होऊन चिकटला. "वर पोकळी झाली की असाच चिकटंल," म्हणालात आणि तो आमच्या हातात परत दिलात. खरंच आहे, वर काहीच नसेल तर बाहेरची हवा पाईपलाही सोडत नाही. दुसऱ्या दिवशी जाड भिंतीचा, आत जाळी विणलेला पाईप तुम्हीच तुमच्या ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलात, आणि त्याच्याबरोबर पितळी कॉक, दोन क्लिपा आणि टेफ्लॉन टेप. पैसे घेताना बिल दाखवलंत. या कॉलेजात बिल दाखवून पैसे मागणारी माणसं थोडी आहेत, म्हणून लिहिलं.

व्हॅक्यूम पंपाची गोष्टही सांगायलाच हवी. आमचा बेत होता की वरच्या टोकाला लॅबमधला रोटरी पंप लावायचा आणि पाणी चढताना दाखवायचं. तुम्ही सरळ नाही म्हणालात. पाण्याची वाफ पंपाच्या तेलात गेली की तेल पांढरं पडतं, पंप कामातून जातो, आणि मग एमएस्सीच्या पोरांनी काय करायचं? सरांनी परवानगी दिलेली होती, तरीही तुम्ही दिला नाहीत. आता वाटतं, बरं झालं. पंप असता तर लोकांना वाटलं असतं, पंपच कमी ताकदीचा आहे. त्याऐवजी पाईप खाली अंगणातच पाण्याने काठोकाठ भरायचा, वरचं टोक कॉकने बंद करायचं, खालचं टोक बादलीत बुडवायचं आणि वरचं टोक दोरीने गच्चीकडे ओढायचं, ही पद्धत ठरली. त्यात लपवायला काही उरतच नाही.

आणि पाणी. कँटीनचा मोठा टोप घेऊन तुम्ही आदल्या संध्याकाळी पाणी उकळून, झाकून ठेवलंत. आम्ही विचारलं, पिण्याचं आहे का? तुम्ही नळाच्या पाण्याने भरलेली काचेची बाटली उन्हात ठेवलेली दाखवलीत. तिच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे धरले होते. पाण्यात हवा विरघळलेली असते, वर दाब कमी झाला की ती बाहेर पडते आणि मोकळ्या जागेत साठून स्तंभाला खाली दाबते. उकळलं की बरीचशी निघून जाते. मग त्या पाण्यात तुम्ही रसायनशास्त्राच्या लॅबमधून मागून आणलेले पोटॅशियम परमँगनेटचे चार दाणे टाकलेत आणि जांभळा रंग अंगणाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसायला लागला. सरबताची बादली अर्थातच वेगळी, आणि तिच्यावर 'पिण्याची' अशी पाटी तुम्हीच लावलीत.

पाणी किती उंचीवर थांबेल, यावर आमच्यात वाद होता. पुस्तक म्हणतं पाऱ्याचे ७६ सेंटिमीटर, म्हणजे पाण्याचे १०.३ मीटर. तुम्ही आम्हाला भिंतीवरच्या फोर्टिनच्या वायुदाबमापकासमोर उभं केलंत. ७१ च्या जरा वर. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, इथे ७६ दिसणारच नाही. तीन वर्षं आम्ही त्या यंत्रावरून ये-जा करत होतो आणि गणितात मात्र ७६ घालत होतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून ७१ ला १३.६ ने गुणलं की ९.६५ मीटरच्या आसपास येतं. वर पोकळीत पाण्याचीच वाफ असते, तिचा दाब वजा करायचा, २५ अंशांना तो पाण्याच्या सुमारे ३२ सेंटिमीटर भरतो. उरले ९.३ मीटर. आम्ही भिंतीवर तेवढ्या उंचीला खडूची रेघ मारली. कार्यक्रमाच्या आधीच उत्तर भिंतीवर लिहून ठेवायचं, ही कल्पना कोणाची ते तुम्हाला माहीत आहे. मला त्या दिवसातली ती सगळ्यात धीट गोष्ट वाटते.

स्पर्धा तुम्ही पाहिलीच असेल, कारण त्या वेळी तुम्ही खाली सरबताशेजारी बसून प्रत्येकाला पाईपच्या टोकाला लावायचा नवा तुकडा कापून देत होतात. उष्टं चालणार नाही म्हणाला होतात. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून कबड्डीच्या एका गड्याने खरंच सरबत तोंडापर्यंत आणलं. एका दमात नाही, जिभेने पाईपचं तोंड बंद करत, टप्प्याटप्प्याने. अंगणात असा काही गलका झाला की ऑफिसमधली मंडळी बाहेर आली. कँटीनवाल्या काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. दुसऱ्या मजल्यावरून मात्र कोणालाच जमलं नाही, आणि गच्चीवरून तर सरबत बादलीपासून फार वर सरकलंच नाही. वडापाव वाचले.

मग जांभळा पाईप. दोरी ओढायला चौघं गच्चीवर, खाली बादलीवर तुम्ही. पाईपमध्ये आम्ही एक लाल लाकडी मणी सोडला होता. ती कल्पना जुनी. जर्मनीत माग्देबुर्गला ऑटो फॉन गेरिके याने सतराव्या शतकात घराला अशीच पाण्याची नळी लावली होती आणि तिच्यात लाकडी बाहुला तरंगत ठेवला होता. हवा चांगली असली की बाहुला वर दिसायचा, दाब उतरला की खाली दडायचा. आमचा मणी पहिला मजला ओलांडून गेला, दुसरा ओलांडला. पाईप अजून वर जात होता आणि मणी एकदम जागीच थांबला. वरचा पाईप रिकामा, पांढरट. मण्याभोवतीचं पाणी खदखदायला लागलं, कोणी तापवलेलं नसताना. पहिल्या वर्षाची एक मुलगी ओरडली, "कॉक गळतोय!" तुम्ही खालून म्हणालात, "गळला असता तर पाणी खाली आलं असतं." मणी खडूच्या रेघेपेक्षा जेमतेम चार बोटं खाली होता.

मला सगळ्यात आवडला तो दुपारचा भाग, जेव्हा गर्दी पांगली होती. ऊन चढलं तसा मणी हळूहळू उतरत गेला, चारच्या सुमारास वीतभर खाली. आम्ही म्हटलं, पाणी तापलं, वाफेचा दाब वाढला. तुम्ही म्हणालात, तेवढंच नाही, आणि लॅबमधली ती जुनी वही आणलीत. वायुदाबाची रोजची नोंद, तुमच्या अक्षरात. सकाळी दहाच्या सुमाराला पारा सगळ्यात वर, चारच्या सुमाराला दोन-तीन मिलिमीटर खाली, आणि जवळजवळ रोज तसंच. आपल्यासारख्या उष्ण कटिबंधात हवेलाही अशी रोजची भरती-ओहोटी असते, हे आम्ही नंतर पुस्तकात शोधून वाचलं. तुम्ही ते वर्षानुवर्षं लिहून ठेवत होतात, कोणी सांगितलं नसताना. ती वही आम्ही संगणकावर उतरवायला घेतली आहे. पानं फाटू देणार नाही, शब्द देतो.

आता एक काम आहे, त्याशिवाय पत्र लिहिलं असतं का, असं तुम्ही म्हणालच. १६४८ मध्ये फ्रान्समध्ये पास्कालने आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन प्यूय द डोम डोंगरावर पाठवलं होतं. डोंगर सुमारे हजार मीटर चढल्यावर पारा आठेक सेंटिमीटर उतरला. एसवायच्या पोरांना तेच पाण्यावर करायचंय, महाबळेश्वरला. गणित केलंय, पुण्याच्या मानाने पाणी पाऊण मीटरच्या आसपास कमी चढायला हवं. परवानगीचा अर्ज गेलाय. जुनी उंच इमारत मिळाली नाही तर दरीच्या कठड्यावरून पाईप सोडायचा त्यांचा विचार आहे, तो तुम्ही आधीच हाणून पाडा, आमचं ऐकत नाहीत.

पाईप, कॉक आणि क्लिपा तुमच्या कपाटावर आहेत ना? टेफ्लॉन टेप संपली आहे, ती आम्ही आणतो. पाणी वाईला उकळून घ्यायचं की वरच, ते तुम्ही सांगा. पसरणीचा घाट लागतो, म्हणून गाडीतली पुढची सीट तुमच्यासाठी ठेवली आहे.

आपली,
टीवायबीएस्सी, भौतिकशास्त्राची मंडळी